न मागता केलेली विचारपूस



पलटणीत जवानाची रोज हाजिरी होते. तो रांगेत दिसला नाही, तर त्याला शोधायला लगेच कोणीतरी निघते. निवृत्तीच्या दिवशी ही हाजिरी थांबते. पेन्शन सुरू होते, उपचाराचे कार्ड हाती येते, पण हा माणूस आज कुठे आहे आणि कसा आहे हे पाहणे कोणाचेच काम उरत नाही. आपल्याकडे जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीतच घरी परततो, म्हणजे अर्धे आयुष्य त्याला या हाजिरीविना काढायचे असते. आज मी एकच गोष्ट मांडणार आहे. आयुष्य संपवण्याच्या विचारापर्यंत पोहोचलेला माणूस स्वतःहून मदत मागेल, या भरवशावर उभी असलेली व्यवस्था अपुरी आहे. आपणच ठरलेल्या दिवशी, न मागता, पुन्हापुन्हा त्याची विचारपूस केली पाहिजे.

अमेरिकेत या प्रश्नाचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवला जातो. तिथल्या माजी सैनिक खात्याच्या नोंदीनुसार 2022 मध्ये 6,407 माजी सैनिकांनी आत्महत्या केली, म्हणजे दिवसाला सरासरी सतराहून अधिक. त्यांच्यासाठी रुग्णालयांचे देशभर जाळे आहे आणि 2007 पासून स्वतंत्र हेल्पलाइनही आहे. तरीही मृत्यू पावलेल्यांपैकी सुमारे 60 टक्के लोक अलीकडच्या काळात त्या खात्याच्या आरोग्यसेवेकडे आलेलेच नव्हते. दार उघडे होते, पण ते आत आले नाहीत. याचा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही. खोल नैराश्य माणसाकडून आधी हेच बळ काढून घेते: उठायचे, फोन उचलायचे, ‘मला जमत नाहीये’ असे म्हणायचे. त्यात सैनिकाला वर्षानुवर्षे शिकवलेले असते की दुखणे गिळायचे आणि सोबत्यावर आपला भार टाकायचा नाही. रणांगणावर तारणारी ही सवय घरी त्याच्या जिवावर उठू शकते.

मग दाराबाहेर पडून आपणच गेलो तर? सॅन फ्रान्सिस्कोतील मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी हे करून पाहिले. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे दाखल झालेल्या आणि घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या 843 रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत 24 छोटी पत्रे गेली: आधी दर महिन्याला, मग दोन महिन्यांनी, मग तीन महिन्यांनी. पत्रात सल्ला नव्हता, तपासणीची तारीख नव्हती. तुमची आठवण आहे, सगळे ठीक असेल अशी आशा आहे, वाटले तर दोन ओळी लिहा, इतकाच आशय. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्यांचे प्रमाण 1.8 टक्के राहिले, न मिळालेल्यांत 3.5 टक्के. पुढे हा फरक कमी होत गेला. मला यातून दोन गोष्टी दिसतात. काहीही न मागणारा शब्द माणसाला धरून ठेवू शकतो, आणि घरी परतल्यानंतरचा सुरुवातीचा काळच सर्वांत जपण्याचा असतो.

पुढच्या काही अभ्यासांनी याला दुजोरा दिला. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या 1,867 जणांवर अभ्यास केला. त्यात आपले चेन्नईही होते. ज्यांच्याशी सविस्तर बोलून पुढे दीड वर्षात नऊ वेळा फोनवर किंवा घरी जाऊन संपर्क ठेवला, त्यांच्यात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण 0.2 टक्के होते, इतरांत 2.2 टक्के. खुद्द अमेरिकी माजी सैनिकांच्या नऊ रुग्णालयांतील तुलनेचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे संकटाच्या क्षणी काय करायचे याची लेखी योजना रुग्णासोबत बसून तयार केली आणि घरी गेल्यावर फोन करत राहिले, तिथे सहा महिन्यांत आत्मघाती कृतीचे प्रमाण 5.29 ऐवजी 3.03 टक्के दिसले. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे सभासदही ‘बडी चेक’ म्हणून आपल्या सोबत्यांना फोन करतात. एका सैनिकाने दुसऱ्याला हाक मारली की कितीतरी गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

यावर आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. पहिला असा की, सगळे पुरावे एकाच दिशेने बोलत नाहीत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 657 सेवारत सैनिकांपैकी सुमारे निम्म्यांना वर्षभर आपुलकीचे संदेश पाठवले गेले. मुख्य निकषांवर फरक पडला नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण मात्र संदेश मिळालेल्यांत सुमारे 9 टक्के होते, इतरांत 15 टक्के. म्हणून मी विचारपुशीला उपचार म्हणत नाही. ती उपचारापर्यंत नेणारी वाट आहे. डॉक्टर, औषध आणि कुटुंबाचा आधार यांची जागा ती घेऊ शकत नाही. दुसरा आक्षेप भीतीचा: थेट विचारले तर नसता विचार डोक्यात येईल. संशोधनात या भीतीला आधार सापडलेला नाही. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे शांतपणे विचारल्याने मनावरचे ओझे उतरायला मदतच होते. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे सोडायचे नाही, हत्यार, औषधे, विषारी वस्तू हाताशी राहू द्यायच्या नाहीत आणि डॉक्टरांपर्यंत सोबत जायचे. तिसरा आक्षेप खासगीपणाचा. त्यावर उपाय असा की, निवृत्तीच्या वेळीच त्याला विचारावे: तुला कोणी फोन केलेला चालेल? नाव त्यानेच सुचवावे.

महाराष्ट्रात हे करायला नवे खाते उभारावे लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची नोंद असते. माजी सैनिकांच्या संघटना आहेत, गावोगावी निवृत्त सुभेदार आणि हवालदार आहेत. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसची 14416 ही हेल्पलाइन आहे, आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष 2023 मध्ये सुरू झाला. उणीव आहे ती या सगळ्यांना जोडणाऱ्या ठरलेल्या फोनची. निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षे दर महिन्याला एक फोन, एकाच ओळखीच्या माणसाचा, आणि उत्तर आले नाही तर घरी चक्कर. पेन्शन चालू राहावी म्हणून माजी सैनिक वर्षातून एकदा हयातीचा दाखला देतो. तो हयात आहे एवढे कळून आपले कर्तव्य संपत नाही. तो कसा आहे, हे आपण दर महिन्याला विचारू या.