पक्ष वेगळे, घर एक

परभणीने 1977 मध्ये शेतकरी कामगार पक्षाचा (शेकापचा) खासदार दिल्लीला पाठवला, पुढे शिवसेनेला उचलून धरलं. त्यामुळे बाप एका झेंड्याखाली आणि पोरगा दुसऱ्याखाली, हे आपल्याकडे नवं नाही.

बारामतीची 1960ची लोकसभा पोटनिवडणूक घ्या. शेकापचे उमेदवार होते शरद पवारांचे थोरले बंधू वसंतराव. आई शारदाबाईही शेकापच्याच. धाकटे शरदराव मात्र काँग्रेसच्या प्रचारात, म्हणजे थेट सख्ख्या भावाच्या विरोधात! वसंतराव हरले, पण घर फुटलं नाही. शेकापचे एन. डी. पाटील तर याच घरचे जावई. मेहुण्याच्या राजकारणाला त्यांनी उघड विरोध केला, नातं मात्र राखलं.

आता पक्षांवरून भांडण ओसरीवर होत नाही, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेटतं. समोर बसलेल्या काकांना 'गद्दार' म्हणायला जीभ धजत नाही, मोबाइलवर अंगठा लगेच धजतो. सोयाबीनची रास असो की लेकीचं लग्न, धावून येतात ते काकाच, उमेदवार नव्हे.

तेव्हा निवडणूक लागली की मतमोजणी होईपर्यंत ग्रुपवर पाऊसपाणी आणि लग्नपत्रिकाच येऊ द्या. कुणी रागाने ग्रुप सोडला असेल, तर आजच त्याला फोन लावा.