सही करण्याआधीची शाळा

(बचत गटांच्या पुणे शहरातील मेळाव्यात केलेले भाषण)



पुण्यात येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 'प्लॉट विकणे आहे' असे फलक बघितलेत ना? त्या जमिनी आपल्यासारख्यांच्याच. कुणाचं माहेर, कुणाचं सासर.

मी माझीच गोष्ट सांगते. वडील गेल्यावर भाऊ म्हणाला, "वारसाची नोंद करायचीय, चल." दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो काढला, अंगठ्याचा ठसा घेतला, मी सही केली. गटाचं रजिस्टर लिहिणारी बाई मी, पण तो कागद वाचला नाही. चार वर्षांनी सातबारा काढला, तेव्हा कळलं की ते हक्कसोडपत्र होतं. 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. समजून सोडलं असतं तर मनाला लागलं नसतं.

आता बघा. शिवण, लोणची, शेळीपालन यांचं प्रशिक्षण आपल्याला सरकारी पैशातून मिळतं. ते हवंच. पण घरातली सगळ्यात मोठी ठेव म्हणजे जमीन आणि घर. त्याचे कागद वाचायला कोण शिकवतं? 2023 मध्ये महारेरानं एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. चांगलं झालं. दलाली घेणारा शिकून येणार आणि सही करणारी आपण कोरीच राहणार, हे कसं चालेल?

पैसा नाही असं नाही. प्रत्येक खरेदीखतावर सरकार मुद्रांक शुल्क घेतं. बाईच्या नावावर घर घेतलं तर त्यात एक टक्का सवलतही आहे. त्या खात्याचं राज्याचं मुख्य कार्यालय इथंच, पुण्यात आहे. या उत्पन्नातून थोडा पैसा बायकांना कागद शिकवण्यासाठी ठेवा, असा ठराव आपल्या संघानं करून तिथं द्यावा, अशी माझी सूचना आहे.

तोवर थांबायचं कारण नाही. दोन वाटा आजच मोकळ्या आहेत. एक, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. ग्रामसभेत उठून म्हणा, यातून जमिनीच्या कागदांचं शिबिर घ्या. दोन, तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला कायद्याचा सल्ला फुकट मिळतो. गावात शिबिरासाठीही त्यांनाच विचारा.

शिबिरात काय शिकायचं? सातबारा, फेरफार, साठेखत, खरेदीखत, हक्कसोडपत्र आणि कुलमुखत्यारपत्र. कशावर सही केली की काय जातं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घरचा सातबारा किंवा घराचा उतारा घेऊन यायचं. त्यावर आपलं नाव आहे का, ते आधी शोधू. हप्ता नंतर गोळा करू.