भांड्यावर नाव कुणाचे?



१९२२ पासून ही व्याख्यानमाला मे महिन्यात नाशकात गोदावरीकाठी, आपल्या गंगेवर भरते आणि इथून भांडी बाजार हाकेच्या अंतरावर आहे. मी लहान असताना तांबट लेनमधून शाळेत जायचो. त्या गल्लीत दोघांना बोलायचे तर ओरडून बोलावे लागे, इतकी ठोकठोक चाले. ते आवाज करणारे हात कुणाचे होते, हा प्रश्न मला पन्नाशी उलटल्यावर पडला. त्याच शोधाविषयी आज सांगणार आहे.

घरी गेल्यावर माळ्यावरचे एखादे जुने भांडे खाली काढा. त्यावर नाव असतेच. बारीक छिन्नीने ठिपका ठिपका टोचून लिहिलेले असते : अमकीला मामांकडून, तमक्याच्या स्मरणार्थ, गाव, शके. देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, कधी गेलेल्या माणसाचेही असते. ज्याने ते घडवले, त्याचे मात्र नसते. मी आजवर काही शे भांडी उलटीपालटी करून पाहिली. घडवणाऱ्याचे नाव एकावरही सापडले नाही.

ही रीत जुनी आहे. आपल्या त्रिरश्मी लेण्यांत तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातला एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसे ठेवले, ते कुंभारांच्या, तेल्यांच्या आणि पाण्याची यंत्रे करणाऱ्या 'ओदयंत्रिकां'च्या श्रेणींकडे. यंत्रे करणाऱ्यांची संघटना या गावात होती आणि लोक तिच्यावर विश्वासाने पैसा सोपवत, हे त्यातून कळते. विष्णुदत्तेचे नाव दगडात राहिले. त्या यंत्रकारांपैकी एकाचेही राहिले नाही.

मग शोधायचे कसे? मला वाट सापडली ती एका परक्या वस्तूमुळे. विलायतेत आणि अमेरिकेत गळाच्या काठीला बसवायची जुनी पितळी रिळे जमवणारे लोक आहेत. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून अशी रिळे निघत आणि त्यांवर विकणाऱ्या दुकानाचा छाप बसे. करणारा पडद्याआड राही. संग्राहकांनी त्याला गाठले ते मुठीच्या आकारावरून, काठीला बसणाऱ्या पायाच्या घडणीवरून, स्क्रूवरून. केंटकी राज्यात तर सुरुवातीची रिळे घड्याळजी करत. प्रत्येक स्क्रू हाताने कापलेला असल्यामुळे तो फक्त आपल्याच भोकात नीट बसे. म्हणून काही रिळांत स्क्रूच्या माथ्यावर आणि भोकाशेजारी सारखेच ठिपके टोचलेले सापडतात. हे वाचून मी तडक उठलो आणि आमचा बंब अंगणात आणला. त्याच्या झाकणाच्या कडेला आत दोन ठिपके होते. अंगाच्या गळ्याशीही दोन. तीस वर्षे मी त्या बंबाच्या पाण्याने आंघोळ केली होती आणि ते ठिपके कधी पाहिले नव्हते.

त्या दिवसापासून मी नावे वाचायचे थांबवले आणि जोड वाचू लागलो.

तांब्याचा जुना हंडा घ्या, उन्हात धरा आणि पोटाचा घेर पाहा. लालसर अंगावर करवतीच्या दात्यांसारखी एक पिवळी रेघ फिरलेली दिसेल. हंडा एका पत्र्याचा नसतो. खालचा भाग वेगळा, वरचा वेगळा. एकाच्या काठाला दाते पाडायचे, एक सोडून एक आतबाहेर वाकवून त्यांच्यामध्ये दुसऱ्याचा काठ बसवायचा, वरून टाकणखार आणि पितळी डाख लावून भट्टीत धरायचे. तांबे १०८५ अंशांना वितळते, डाख त्याच्या आधी. या दोहोंमधल्या फटीत सगळे कसब आहे. क्षणभर उशीर झाला की हंडाच वितळायला लागतो. तापमापक नव्हता, धातूचा रंग बघून माणूस ओळखायचा. मग जोड ठोकून सपाट करायचा, इतका की बोटाला लागू नये. तरी रेघ राहते. कुणाचे दाते रुंद, कुणाचे बारीक, कुणाचे किंचित तिरके. माझ्या मते ही रेघ म्हणजेच सही आहे. पुढे गॅसचे वेल्डिंग आले आणि दाते गेले.

दुसरी खूण मठाराची. भांडे मेखेवर धरून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने सारखे ठोके देत जायचे. त्याने पत्रा कडक होतो आणि अंगावर चमकते ठिपके उठतात. लोक ती शोभा समजतात. मुळात ती ताकद आहे.

काळ ठरवायला इतर खुणा मदत करतात. टोचलेला शके सांगतो की भांडे त्या वर्षी घरात होते. घडले त्याआधीच. काही तळांवर वजन टोचलेले असते. ते शेर-नवटाकात असेल तर बहुधा किलो रुळण्याआधीचे. मेट्रिक वजने १९५८ पासून आली आणि १९६२ मध्ये सक्तीची झाली.

कागद फार थोडे हाती लागतात. भांडी बाजार नदीला लागून आहे. १९६९ च्या पुरात आणि २००८ च्या पुरातही पाणी दुकानांत शिरले. एका घराने मला जपून ठेवलेली एक वही दाखवली. मोडीत लिहिलेली, खालची चार बोटे चिखलाने तपकिरी झालेली. कारागिराला किती पत्रा दिला, भांडे होऊन किती वजन परत आले, कापण किती, उचल किती. माणसाचे पहिले नाव आहे, बापाचे नाही आणि आडनावाच्या जागी नुसते 'तांबट'. त्या वहीपुढे मी बराच वेळ गप्प बसलो. तोळ्यातोळ्याचा हिशेब तिथे आहे आणि माणूस अर्ध्या नावात उरकला आहे.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात गेलात की दिवे, अडकित्ते, घरातली भांडी पाहता. दिनकर केळकरांनी हे सारे दारोदार फिरून जमवले. ते कविताही करत आणि त्यासाठी त्यांनी घेतलेले टोपणनाव होते 'अज्ञातवासी'. त्या दालनांत उभे असताना हे नाव मला तिथल्या प्रत्येक वस्तूच्या घडवणाऱ्याचे वाटते.

आता बंबाकडे परत येतो. मी तो एका वृद्ध कारागिराकडे नेला. त्यांनी चष्मा लावला नाही. झाकण काढले, हात गळ्यातून आत घातला आणि बोटे घेरावर हळूहळू फिरवली. मग माझा हात धरून त्याच जागी ठेवला. ठोके एकावर एक किंचित चढलेले लागत होते. उजव्या हाताचा माणूस भांडे एका दिशेने फिरवतो, म्हणून ठोक्यांची चाल एका बाजूला झुकते. इथली चाल उलट होती. हा माणूस डावखुरा, एवढे बोलून त्यांनी झाकण लावले, ठिपक्यावर ठिपका आणून.

तशा उलट चालीचे आणि त्या बंबासारख्याच तिरक्या दात्यांचे आणखी दोन हंडे मला जुन्या नाशकातल्या दोन घरांत मिळाले. एकावर शके १८४६ आहे, म्हणजे १९२४ च्या सुमाराचा किंवा त्याआधीचा. माझ्या टिपणवहीत तिन्हींच्या पुढे कारागीर म्हणून 'डावखुरा' एवढेच लिहिले आहे. उद्या सकाळी पंचवटीत एका बाईंकडे घंगाळ पाहायला जायचे आहे. त्यांनी फोनवर काठाचे वर्णन केले. जोडाचे दाते तिरके आहेत म्हणाल्या.