विरून जाणारा आधार

मोडलेले हाड सांधणे हे मुळात वैद्याचे काम नव्हे. ते हाड स्वतःच करीत असते. वैद्याने करावयाचे ते इतकेच, की हाड जुळेपर्यंत त्याची दोन्ही टोके निश्चल धरून ठेवावयाची. पूर्वी हे काम बांबूच्या कामट्या करीत. पुढे प्लॅस्टर आले, आणि नंतर पोलादाची वा टिटॅनियमची पट्टी स्क्रूंनी थेट हाडावरच बसू लागली. धरून ठेवण्याचे काम काही महिन्यांचे. धातू मात्र जन्माचा सोबती होऊन बसतो.

जबलपूरच्या उत्तरेस, कटनीच्या वाटेवर पनागर हे लहानसे नगर आहे. तिथल्या एखाद्या शेतमजुराची नडगी मोडली, जबलपूरला जाऊन पट्टी बसली, हाड जुळले, तरी त्याची कथा नेहमीच तिथे संपत नाही. पट्टी सलू लागली, किंवा रोगी वाढत्या वयाचे मूल असले, तर ती काढण्यासाठी पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया आणि पुन्हा बुडालेली मजुरी. शिवाय पोलाद हाडाहून कितीतरी ताठर; भार तेच पेलते आणि बिनकामाचे झालेले हाड हळूहळू दुबळे होते. तेव्हा काम होताच आपण होऊन नाहीसा होईल, असा धातू मिळेल काय, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही.

असा धातू म्हणजे मॅग्नेशियम. त्याची घनता १.७४, म्हणजे हाडाच्या जवळपास; ताठरपणा टिटॅनियमच्या निम्म्याहूनही कमी. देहालाही तो परका नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात तो सुमारे २५ ग्रॅम असतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक हाडांतच साठलेला असतो. जबलपूरच्या दुसऱ्या अंगाला भेडाघाटी नर्मदेने जे शुभ्र कडे कोरले आहेत, त्या संगमरवरातही मॅग्नेशियम आहे.

कल्पना नवी नाही. बेल्जियमचे शल्यविशारद लांबोत यांनी १९०६ साली एका सतरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायात मॅग्नेशियमची पट्टी बसविली. खिळे मात्र पोलादाचे, सोन्याचा मुलामा दिलेले होते. आठच दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायू साठला. दोन भिन्न धातू क्षारयुक्त द्रवात एकत्र आले, की विद्युत्‌घटासारखी क्रिया सुरू होते आणि त्यात मॅग्नेशियम झपाट्याने झिजते. एक ग्रॅम मॅग्नेशियम पाण्याशी संयोग पावले, तर जवळजवळ एक लिटर हायड्रोजन निघतो. तो सावकाश निघाला तर शरीर सहज वाहून नेते. एकदम निघाला तर त्याचे फुगे साचतात.

म्हणजे खरी अडचण विरण्याची नाही, विरण्याच्या गतीची आहे. आधार लवकर गेला तर हाड पुन्हा सरकते. म्हणून शास्त्रज्ञांनी मॅग्नेशियममधील लोखंडासारखी अशुद्ध द्रव्ये कमी केली; जस्त, कॅल्शियम, इट्रियम अशा मूलद्रव्यांचे अल्प मिश्रण केले; वर संरक्षक लेपही दिले. मिश्रण निवडतानाही विवेक हवा, कारण जे विरणार ते सारे देहातच उतरणार. ॲल्युमिनियमने मिश्रधातू बळकट होतो, पण मज्जातंतूंना ते अपायकारक ठरण्याचे भय असते.

या परिश्रमांना फळ आले आहे. जर्मनीत बनलेल्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला २०१३ साली युरोपात मान्यता मिळाली. दक्षिण कोरियाने २०१५ साली कॅल्शियम व जस्त मिसळलेल्या स्क्रूला परवानगी दिली. मात्र त्यांचा उपयोग मुख्यतः हातापायांच्या लहान हाडांपुरता आहे. मांडीच्या हाडाचा प्रचंड भार महिनोन्‌महिने पेलावा आणि मग बिनतक्रार विरून जावे, ही कसोटी अजून पार व्हावयाची आहे.

ती पार झाली, तरी किमतीची कसोटी उरेलच. दुसरी शस्त्रक्रिया वाचविणारा स्क्रू त्या शस्त्रक्रियेहून महाग पडला, तर पनागरच्या मजुराला त्याचा काय लाभ? उत्तम आधार तोच, की जो गरजेच्या वेळी हाताशी असतो आणि गरज सरताच निमूटपणे बाजूला होतो.