खारेपाटाची माती : वर पाणी, खाली मीठ



गेल्या महिन्यात एका बचत गटाच्या बायका मला भेटायला आल्या होत्या. गटाचं कर्ज काढून त्यांनी खाडीच्या कडेची दोन एकर भातशेती खंडानं घेतली. दाढ चांगली उतरली, आवणी झाली, आणि पंधरा दिवसांत रोप पिवळं पडायला लागलं. कुणी सांगितलं युरिया टाका, टाकला. कुणी सांगितलं अजून टाका, अजून टाकला. शेवटी हाती आला तो निम्मा पेंढा आणि पोचट दाणे. आता जमीनमालक विचारतोय, पुढच्या वर्षी घेता का? बायकांचा प्रश्न होता, "ताई, आमचं चुकलं की जमिनीचं?"

मी म्हटलं, चुकलं कुणाचंच नाही. पण जिच्यात पैसे घातले त्या जमिनीची ओळख करून घ्यायची राहिली. म्हणून आजचं बोलणं या मातीबद्दलच.

पेण आणि अलिबागच्या खारेपाटातली जमीन म्हणजे मुळात खाडीचा तळ. पाताळगंगा, अंबा, भोगावती या नद्या सह्याद्रीवरून गाळ घेऊन धरमतरच्या खाडीत येतात. गोड्या पाण्यात चिकणमातीचे बारीक कण तरंगत राहतात, पण खारं पाणी मिळालं की ते एकमेकांना चिकटतात आणि खाली बसतात. शेकडो वर्षं असा थर साचला. मग आपल्या पूर्वजांनी त्याला बांध घातले, भरतीचं पाणी बाहेर ठेवलं आणि आत भात लावला. गोव्यात अशा जमिनीला खाजण म्हणतात, आपण खारजमीन म्हणतो. यातली पुष्कळशी शेतं मोठ्या भरतीच्या पाण्याच्या पातळीहूनही खाली आहेत. बांधावर उभं राहून उधाणाच्या वेळी एकदा दोन्हीकडे बघा. बाहेरचं पाणी वर आणि आपलं शेत खाली दिसेल. पुढच्या सगळ्या गोष्टी तिथूनच निघतात.

आता माती हातात घ्या. ओली असेल तर तिची वळी करा, शेवयांसारखी. डोंगराकडची वरकस माती वळायला गेलं की तुटते, ही मात्र लांब वळते आणि बोटांना चिकटून बसते. हीच माती एप्रिल-मेमध्ये दगडासारखी होते आणि तिला अशा भेगा पडतात की विळा आत गेला तर सापडायचा नाही. ही भारी चिकणमाती. कण इतके बारीक, की त्यांच्यामधली भोकंही बारीक. तांदळाच्या राशीवर तांब्याभर पाणी ओता, क्षणात खाली जाईल. तेच मळलेल्या पिठाच्या गोळ्यावर ओता, वरच राहील. आपलं शेत हा पिठाचा गोळा आहे. त्यात आपण चिखलणी करतो, म्हणजे उरलेली भोकंही बुजवतो. भाताला ते हवंच असतं. पण निचरा नाही ही तक्रार करताना निम्मं काम आपणच केलेलं असतं, हेही लक्षात ठेवा.

पाणी खाली न जाण्याचं दुसरं कारण म्हणजे खाली जागाच नाही. खारेपाटात भूजल फार वर असतं आणि ते खारट असतं. हे बघायला कुठलं यंत्र लागत नाही. पावसाळा संपल्यावर शेताच्या कोपऱ्यात दोन-अडीच फूट खड्डा खणा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघा. पाणी किती वर आलं ते काठीनं मोजा आणि जिभेच्या टोकाला लावून बघा. खड्ड्याच्या भिंतीकडेही बघा. माती निळसर-करडी असेल तर तिथे वर्षातला बराच काळ हवा पोचत नाही. करड्या मातीत गंजासारख्या तांबड्या रेघा, ठिपके असतील तर तिथे पाणी चढतं आणि उतरतंही. हवा आली की मातीतलं लोखंड गंजतं आणि तांबडं होतं. पाणी भरलं की पुन्हा करडं होतं. तांबडं कुठे संपतं ती खूण धरा. त्याच्या खाली भाताशिवाय दुसऱ्या कुठल्याही पिकाचं मूळ जाईल अशी आशा धरू नका. भाताच्या मुळात हवेच्या नळ्या असतात, पानांतून हवा खाली जाते, म्हणून ते चिखलात जगतं. वांगं किंवा मिरची तसं जगत नाही.

खड्ड्यातून सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. समुद्राच्या पाण्यात गंधकाचे क्षार असतात. हवा नसलेल्या चिखलात त्यांचा तो वायू होतो आणि तो मुळांना मारतो. काळी पडलेली मुळं उपटून बघितलीत तर हाच वास येईल. अशा वेळी पाणी काढून शेताला दोन-तीन दिवस हवा द्यायची असते, युरिया द्यायचा नसतो.

आता मीठ. माझ्या सासूबाई मे महिन्यात शेतातून चिमूटभर माती आणून जिभेवर ठेवायच्या आणि थुंकून म्हणायच्या, "औंदा पाऊस पडल्यावर आठ दिस थांबा." मला तेव्हा हसू यायचं. पुढे प्रशिक्षणात कळलं, की त्या जे जिभेनं करत होत्या तेच प्रयोगशाळेत क्षारतेचं मापक करतं.

वर्षभरात हे मीठ वरखाली होतं. दिव्याची वात तेल कसं ओढते ते आपण रोज बघतो. चिकणमातीची बारीक भोकं म्हणजे अशाच वाती. पाऊस गेला, भात कापला, ऊन लागलं की वरचं पाणी उडतं आणि खालचं खारं पाणी वातीतून वर चढतं. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. एप्रिल-मेमध्ये शेतावर पांढरा पापुद्रा दिसतो तो हाच. जूनमध्ये पाऊस आला की तेच मीठ विरघळतं, काही वाहून जातं, काही खाली ढकललं जातं. म्हणून त्याच शेताची मे महिन्यातली माती आणि ऑगस्टमधली माती या जणू दोन वेगळ्या जमिनी असतात. कुणी नुसतं "क्षारता इतकी आहे" असं सांगितलं तर पहिल्यांदा विचारा, नमुना कुठल्या महिन्यातला?

आपल्या हातात या मिठाविरुद्ध एक मोठी गोष्ट आहे आणि ती फुकट मिळते. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर गोडं पाणी पडलं. एका गुंठ्यावर! आपल्याकडे पावसाळ्यात २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. मीठ धुवायला पाणी भरपूर आहे. प्रश्न फक्त इतकाच, की धुतलेलं पाणी बाहेर जातंय का. कपडे धुऊन साबणाचं पाणी त्याच बादलीत ठेवलं तर काय उपयोग?

आता त्या गटाच्या शेताकडे येते. भात मिठाला सगळ्या वयात सारखं घाबरत नाही. मोड येताना ते बऱ्यापैकी सोसतं. कोवळं रोप असताना आणि फुलोऱ्यात असताना मात्र फार नाजूक असतं. मधल्या काळात, फुटवे येताना, पुन्हा सोसतं. क्षारता मोजण्याचं एकक डेसिसायमन. साधारण ३ च्या पुढे गेलं की नेहमीच्या भाताचं उत्पन्न उतरायला लागतं आणि पुढच्या प्रत्येक एककाला जवळजवळ आठवा हिस्सा कमी होतो. या बायकांनी दाढ गावात, गोड्या जमिनीत केली होती, ती छान आली. मग पहिल्या जोराच्या पावसावर लगेच आवणी केली. शेतातलं पहिलं पाणी, म्हणजे विरघळलेल्या मिठाचं पाणी, बाहेर काढलंच नाही. कोवळं रोप नेमकं त्या पाण्यात उभं राहिलं. वर साठलेल्या पाण्यात युरिया फेकला, तर त्यातला नत्र बराचसा वायू होऊन उडाला. पैसे अक्षरशः हवेत गेले. आणि बियाणं? दुकानात मिळालं ते.

बियाण्याचं बोलायचं तर पनवेलला आपल्या कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ हे भाताचे वाण खाऱ्या जमिनीसाठीच तिथे काढलेले आहेत. त्याही आधी आपल्याकडे काळा राता, भुरा राता होते. उत्पन्न कमी, पण खाऱ्या पाण्याला डगमगत नसत. कुणाच्या घरी कणगीत अजून असेल तर जपून ठेवा. आणि जिथे जमीन फारच खारी आहे तिथे आवणीऐवजी रहू करायची आपली जुनी रीत आहे. बी भिजवून, मोड आणून चिखलावर फेकायचं. मोडाचं वय मीठ सोसणारं असतं, हे शास्त्र माहीत नसतानाही म्हाताऱ्यांनी ओळखलं होतं.

मग पाणी बाहेर कसं काढायचं? त्यासाठी उघाडी. बांधातलं ते दार ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतं आणि भरतीला बाहेरच्या दाबानं मिटतं. भरती दिवसातून दोनदा, म्हणजे शेताला श्वास घ्यायलाही दोनदाच संधी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुसळधार पाऊस आला तर दार मिटलेलं आणि आत पाणी कोंडलेलं, असं होतंच. पण दारात ओंडका अडकला, फळी कुजली तर उलटंच होतं. आतलं जात नाही आणि बाहेरचं येतं. त्या गटाच्या शेताची उघाडी मी बघून आले. दार अर्धं मोडलेलं होतं. खंडाची बोलणी करताना सातबारा सगळ्यांनी बघितला, उघाडी एकीनंही बघितली नव्हती.

बांधाचंही तेच. खेकड्याचं बीळ दिसायला लहान असतं, एका उधाणात त्याची खांड होते. एकदा खारं पाणी शिरून मुरलं की एका पावसाळ्यात सगळं धुऊन निघेलच असं नाही. खांड तशीच राहिली तर भरतीबरोबर तिवराची बीजं आत येतात आणि दोन-तीन वर्षांत शेतात रोपं उभी राहतात. आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानुसार जमीन कुणाच्याही मालकीची असली तरी कांदळवन तोडता येत नाही. मला यात कांदळवनाचा दोष वाटत नाही. बांधाच्या बाहेर ते लाटांचा मार झेलतं, म्हणूनच बांध टिकतो. पण खांड वेळेत बुजवली नाही तर शेत कायमचं जातं, हे बायकांनी ग्रामसभेत स्पष्ट बोललं पाहिजे. खार जमीन विकासाचा कायदा १९७९ सालचा आहे आणि सरकारी योजनेतल्या बांधांची जबाबदारी खारभूमी विभागाकडे असते. आपला बांध सरकारी यादीत आहे की खासगी, हे आधी विचारा. आम्ही एकदा एका कार्यालयात तीन खेपा घातल्या आणि तिसऱ्या खेपेला कळलं, की आमचा बांध यादीतच नाही. तोवर दोन उधाणं होऊन गेली होती. तोंडी उत्तर घेऊ नका, अर्ज लिहून पोच घ्या.

शेतात आपण स्वतः करू शकतो त्यातलं सगळ्यात सोपं म्हणजे भात कापल्याबरोबर, ओल आहे तोवर, नांगरट. वरचा थर मोकळा झाला की वाती तुटतात आणि मीठ कमी चढतं. नांगरट जमत नसेल तर पेंढा पसरा. गुरांना लागतो हे मला माहीत आहे, पण भाजीच्या वाफ्यांपुरता तरी ठेवा. भाजी उंच सरीवर करा, मात्र रोप सरीच्या माथ्यावर लावू नका, कुशीला लावा. मीठ माथ्यावर गोळा होतं. बीट, पालक मीठ सोसतात. कांदा, गाजर, घेवडा सोसत नाहीत. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा भाव ऐकून खारपट्टीत कांदा लावायच्या भानगडीत पडू नका. शेततळं केलंत तर उथळ ठेवा. खोल गेलात की खालचं खारं पाणी लागेल.

आणि जिप्समच्या गोण्या घेऊन कुणी आलं तर थांबा. जिप्सम चोपण जमिनीचं औषध आहे. तिकडे घाटावर कालव्याच्या पाण्यानं बिघडलेल्या काही जमिनींना ते लागतं. आपल्याकडे पहिलं औषध पाऊस आणि निचरा. माती तपासल्याशिवाय गोणी विकत घेऊ नका.

त्या बायकांना मी काय सांगितलं? एक वर्षाच्या खंडानं ही जमीन घेऊ नका. पहिलं वर्ष धुण्यात जातं आणि फायदा मालकाला होतो. निदान तीन वर्षांचा लेखी करार करा, आणि उघाडीचं दार मालकानं आवणीपूर्वी दुरुस्त करून द्यायचं हे त्यात लिहून घ्या. तो तयार नसेल तर जमीन सोडा, कर्जाचा हप्ता मजुरी करून फेडता येईल. त्यांची बोलणी अजून चालू आहेत.

मातीचा नमुना घ्यायचा असेल तर आता मेमध्ये घ्या आणि पुन्हा कापणीनंतर घ्या. शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खणून माती गोळा करा. नुसता वरचा पांढरा पापुद्रा खरवडून आणू नका. सगळी एकत्र मिसळून अर्धा किलो ठेवा. पिशवी कोरी हवी, खताची किंवा मिठाची नको. पिशवीवर नाव, गट नंबर, तारीख आणि आधीचं पीक लिहा, आणि उघाडीपासून शेत किती लांब आहे तेही लिहा.