मामाचा टिप्पर, चिखल्याची धूळ आणि स्वच्छ दिसणारा फिल्टर

आजचा एपिसोड ॲपबद्दल नाही, नोकरीबद्दल नाही. ट्रकच्या एअर फिल्टरबद्दल आहे. स्किप करू नका. ज्यांच्या घरी टिप्पर, दहाचाकी किंवा ट्रॅक्टर आहे त्यांनी तर नाहीच. यात माझ्या हातून झालेली एक चूक आहे आणि ती महागात पडली. मला नाही, मामाला.

मामाचं गाव चिखला. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. तिथे मॉईलची मॅंगनीजची खाण आहे. शेजारी डोंगरी बुजुर्गला उघडी खाण, चिखल्याला जमिनीखालची. नाव चिखला, पण चिखल फक्त पावसाळ्यात. दिवाळीनंतर जूनपर्यंत नुसता फुफाटा. मामाकडे एक टिप्पर आहे. मुरूम, गिट्टी, रेती, मिळाली तर खनिजाची फेरी. घर त्या एका गाडीवर चालतं.

आता ही धूळ साधी नाही. या भागातल्या मॅंगनीजच्या खडकाला गॉन्डाइट म्हणतात. फर्मर नावाच्या भूशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंड लोकांवरून ते नाव दिलं. जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात आपल्या गोंडांचं नाव आहे, हे मला इंजिनीअरिंग संपेपर्यंत माहीत नव्हतं. असो. या खडकात मुख्यतः दोन गोष्टी असतात, क्वार्ट्झ आणि स्पेसार्टिन नावाचं गार्नेट. क्वार्ट्झची कठीणता मोहच्या मापावर 7, गार्नेटची त्याच्याच आसपास. चाकूचं पोलाद साडेपाच ते साडेसहा. गार्नेटचा तर पॉलिश पेपरही बनतो. म्हणजे रस्त्यावर उडतोय तो दळलेला पॉलिश पेपर आहे, आणि इंजिन तो ओढून घेतंय.

किती ओढतं? हिशोब करू. डिझेल पूर्ण जळायला वजनाने साधारण साडेचौदा पट हवा लागते. एक लिटर डिझेल म्हणजे 840 ग्रॅमच्या जवळपास, त्याला 12 किलो हवा. एक घनमीटर हवा साधारण 1.2 किलो भरते. म्हणजे एका लिटर डिझेलमागे किमान 10,000 लिटर हवा! उन्हाळ्यात वस्तीवर येणारा पाण्याचा मोठा टँकर डोळ्यासमोर आणा. प्रत्यक्षात डिझेल इंजिन गरजेपेक्षा जास्तच हवा घेतं. मामाची गाडी दिवसाला 40 लिटर पिते. करा गुणाकार.

माझी चूक अशी. दोन वर्षांपूर्वी मामाने फोनवर विचारलं, "फिल्टर महाग झाला रे, ऑनलाइन भेटते का पाय ना." मी पाहिलं. ओरिजिनलच्या निम्म्याहून कमी किमतीत एक मिळाला. खाली लिहिलेलं, याच मॉडेलला बसतो. रेटिंग 4.3. सोबत मी हुशारी म्हणून फोमचा एक प्री-फिल्टर पण मागवला, हवेच्या तोंडावर गुंडाळायचा. मामा खूश. महिन्याने फोन आला, "भाचेबुवा, का मस्त फिल्टर धाडला! घानच नाही होत."

हे ऐकून मी पण खूश झालो. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

सात-आठ महिन्यांनी गाडी आठवड्याला लिटरभर ऑइल खायला लागली. ऑइलचं झाकण उघडलं की आतून फसफस धूर. तुमसरला मिस्त्रीकडे नेली. त्याने आधी इंजिनला हातच लावला नाही. फिल्टरच्या पुढचा, टर्बोकडे जाणारा पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि मामाला दाखवलं. बोट तपकिरी. मग म्हणाला, "भाऊ, हा फिल्टर नोहे, टोपी आहे."

फिल्टर लांबीला थोडासा कमी होता. त्याचं रबर डब्याला नीट दाबून बसतच नव्हतं. हवा आळशी असते, सोपी वाट शोधते. कागदातून जाण्यापेक्षा रबराच्या फटीतून जात होती. म्हणून कागद स्वच्छ राहिला! डब्यावर ते छोटं इंडिकेटर असतं ना, फिल्टर जाम झाला की लाल होणारं, तेही कधी लाल झालं नाही. इंजिन उघडलं तेव्हा वरच्या रिंगा ब्लेडसारख्या पातळ, लायनर झिजलेले, टर्बोच्या पंख्याच्या कडा खाल्लेल्या. खर्च दीड लाखाच्या वर, आणि गाडी तीन आठवडे उभी. हप्ता काही उभा राहत नाही. अर्धे पैसे मी दिले. मामा एवढंच बोलला, "तुया मोबाईलात तं चार चांदन्या होत्या ना बे."

त्यानंतर मी हे सगळं वाचायला लागलो. पहिली गोष्ट जी माझ्या डोक्यात उलटी बसली होती: प्री-फिल्टर इंजिन वाचवत नाही, तो फिल्टर वाचवतो. तुमसरची राईस मिल पाहिली असेल तर तिथला सायक्लोन आठवा. हवा गोल फिरते, जड तूस बाहेर फेकलं जातं. ट्रकचा चांगला प्री-फिल्टर तेच करतो, आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ती पारदर्शक बरणी असते तीही तीच. जाड धूळ आधीच बाहेर, मुख्य फिल्टर जास्त दिवस टिकतो, पैसे वाचतात. धुळीच्या रस्त्यावर लावाच. पण बारीक धूळ त्याला सापडत नाही. केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, आणि रिंगा-लायनर खाणारी धूळ बहुतेक 5 ते 20 मायक्रॉनची. ती अडवतो फक्त आतला कागद. आणि कागदाला अर्थ आहे रबर दाबून बसलं तरच.

मग फिल्टर निवडताना काय पाहायचं? टक्के. 95 टक्के ऐकायला छान वाटतं. पण एक किलो धूळ आली तर 95 टक्केवाला 50 ग्रॅम आत सोडतो, 99.9 टक्केवाला 1 ग्रॅम. पन्नास पट फरक! जुन्या गाड्यांतले ऑइल-बाथ फिल्टर साधारण त्या पहिल्या गटातले. ऑइल लावलेले, धुऊन वापरायचे कापडी फिल्टर रेसिंगवाल्यांना ठीक. टिप्परला नको. ते बारीक धूळ जास्त सोडतात, आणि हवा मोजणारा सेन्सर असेल तर त्यावर ऑइल चढतं. पाकिटावर किंवा कंपनीच्या कॅटलॉगमध्ये आयएसओ 5011 दिसतंय का बघा, ती एअर फिल्टरची टेस्ट आहे. आणि ऑर्डर पार्ट नंबरवरून करा, "बसतो" या शब्दावरून नाही. बिल घ्या. फ्लीटगार्ड, डोनाल्डसन, मान, गाडीच्या कंपनीचा, कुठलाही. मला कोणी पैसे दिलेले नाहीत.

मोठ्या डब्यात दोन फिल्टर असतात. आतला बारका म्हणजे सेफ्टी. तो साफ करायचा नसतो. बाहेरचा साधारण तीनदा बदलला की हा एकदा बदलायचा. आपल्याकडे तो काढून फेकतात, "पिकअप वाढते" म्हणून. आम्ही सॉफ्टवेअरवाले पण एरर चेक काढून कोड फास्ट झाला म्हणतो, तसंच.

आणि ते टायरवर आपटून झटकणं, पंक्चरवाल्याकडे फुल प्रेशरची हवा मारणं बंद करा राव. कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. ज्या कंपन्या हवा मारायला परवानगी देतात त्याही कमी प्रेशरने, आतून बाहेर. गंमत म्हणजे नवा कोरा फिल्टर सगळ्यात कमी अडवतो. कागदावर धुळीचा थर बसला की तो थरच गाळायला लागतो. म्हणून रोज उघडू नका. उघडलं की थोडी धूळ आत पडतेच. इंडिकेटर लाल झालं की बदला.

डब्याखाली रबराची एक चोच लोंबते, धूळ बाहेर टाकायला. ती फाटली असेल तर लगेच नवी लावा. मामाच्या गाडीला ती नव्हतीच, कोणीतरी कापून टाकली होती.

जाता जाता, ड्रायव्हर मंडळींनो, मॅंगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर मेंदूवर परिणाम होतो, हात थरथरतात, चाल बदलते. खनिज भरताना काच वर करा, मास्क लावा. चेहऱ्याला घट्ट बसणारा. फट राहिली तर काय होतं ते आत्ताच सांगितलं.

मागच्या महिन्यात चिखल्याला गेलो होतो. मामाने नवा फिल्टर तुमसरहून आणलाय, ओरिजिनल, आणि सायक्लोनवाला प्री-फिल्टर पण. मी पाइप ढिला करून आत बोट फिरवलं. बोट कोरडं, साफ. मामा म्हणाला, "आता इंडिकेटर लाल होते का तेच पायतो मी रोज." क्लॅम्प त्यानेच परत आवळला, मला हात लावू दिला नाही.

तुमच्या गाडीचा फिल्टर कितव्यांदा झटकलाय ते कमेंटमध्ये सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये डिझेल फिल्टर आणि टाकीतलं पाणी. भेटू.