पुडी आणायला कोण जातं?

(सोलापुरात तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पहिल्यांदा तंबाखू विकत घेतली तेव्हा नऊ वर्षांचा होतो. घाबरू नका, खाल्ली नाही. चाचा नाणं हातात द्यायचे, "पुडी आणि चुना आण, उरलेल्याची गोळी घे" म्हणायचे. पानपट्टीवाला नाव न विचारता पुडी द्यायचा, कारण तो मला ओळखत होता. चाचांना पुढे तोंडाचा कॅन्सर झाला. जबड्याचं ऑपरेशन झालं, बोलणं गेलं, दोन वर्षांनी तेही गेले. त्यांच्या पुड्या मी आणत होतो हे मी अजून विसरलेलो नाही.

या घराची दुसरी बाजूही सांगतो. माझी अम्मी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोटांत दोरा. हजार विड्या झाल्या की मजुरी. माझी इंजिनिअरिंगची फी त्यातून गेली आहे. म्हणून तंबाखूबद्दल वरून उपदेश करायचा मला हक्क नाही. मी फक्त वयाच्या अटीबद्दल बोलणार आहे.

आपल्याकडे २००३ च्या केंद्रीय कायद्याने १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला बंदी आहे. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्रीही बंद आहे. आता वय २१ करावं अशी मागणी आहे. केंद्राने २०२० मध्ये तसा मसुदा काढला होता, तो पुढे सरकला नाही. शेजारच्या कर्नाटकाने मात्र स्वतःची दुरुस्ती केली आणि २०२५ मध्ये तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणजे विजापुरात २१ आणि शंभर किलोमीटरवर आपल्या सोलापुरात १८.

मग लोक विचारतात, अक्कलकोट तालुक्याची हद्द ओलांडली की पुडी मिळणार असेल, तर अशा कायद्याचा उपयोग काय?

हा प्रश्न मी आधी दुसरीकडे ऐकला होता. मी तीन वर्षं बॉस्टनजवळ कामाला होतो. तिथे नीडहॅम नावाचं तीसेक हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या आरोग्य मंडळाने २००५ मध्ये तंबाखू घेण्याचं वय २१ केलं. आजूबाजूच्या सगळ्या गावांत १८ च होतं. पोरं गाडी काढून शेजारी जातील, दुकानदारांचं नुकसान तेवढं होईल, असा आक्षेप तेव्हाही होता. पुढे अभ्यास झाला. २००६ ते २०१० या काळात नीडहॅमच्या हायस्कूलमधल्या सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. आसपासच्या १६ गावांत ते १५ वरून १२ वरच आलं. न्यूयॉर्क शहराच्या कौन्सिलने २०१३ मध्ये हेच केलं आणि २०१९ च्या डिसेंबरात संपूर्ण अमेरिकेत वय २१ झालं. सुरुवात एका गावाने केली होती.

हे कशामुळे झालं? पंधरा वर्षांच्या मुलाला सिगारेट बहुधा दुकानदार देत नाही, ओळखीचा मोठा मुलगा देतो. अठरा वर्षांचा मुलगा त्याच शाळेत असतो, एकवीस वर्षांचा नसतो. आपल्याकडे बारावीच्या वर्गात अठरा पूर्ण झालेली मुलं असतात आणि त्याच आवारात पाचवी-सहावीची पोरं खेळत असतात. म्हणून या कायद्याचा खरा फायदा वीस वर्षांच्या तरुणापेक्षा पंधरा वर्षांच्या मुलाला होतो.

दुसरा आक्षेप नेहमीचा आहे. अठराव्या वर्षी मत देता येतं, फौजेत जाता येतं, मग तंबाखू का नको? अमेरिकेतही हा वाद रंगला, कॅलिफोर्नियाने तर सेवेतल्या सैनिकांना सूट दिली. पण आपल्याच राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ ची अट आहे. मुलाच्या लग्नाला २१ लागतात. सगळ्या गोष्टींचं वय एकच असावं असं आपण कधी मानलेलंच नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कायदा आला की पोलीस येतील. ते आधी कोणत्या गल्लीत येतील हे तुम्हाला माहीत आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१४ मध्ये एरिक गार्नर या काळ्या माणसाला सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून पोलिसांनी धरलं आणि गळा आवळला जाऊन तो मेला. वयाच्या अटीशी त्याचा संबंध नव्हता, पण तंबाखूचा कायदा पोलिसांच्या हाती कसा चालतो ते त्यातून दिसलं. म्हणून आपली मागणी नीट शब्दांत असली पाहिजे. घेणाऱ्या मुलावर गुन्हा नको. तपासणी आरोग्य खात्याने करावी आणि शिक्षा परवान्यावर व्हावी. मॅसॅच्युसेट्समध्ये गावाचं आरोग्य मंडळच तंबाखू विक्रीचा परवाना देतं, कमी वयाच्या मुलाला पाठवून दुकान तपासतं आणि चुकलेल्याचा परवाना काही दिवस बंद ठेवतं. माझ्या ऑफिसातल्या पांढऱ्या दाढीच्या सहकाऱ्यालाही तिथे ओळखपत्र विचारलं होतं. तो हसला, पण त्याने दाखवलं.

आमच्या कामात अर्जावर जन्मतारखेचा रकाना ठेवून ती तपासलीच नाही, तर तो रकाना नुसता शोभेचा राहतो. आपला अठराचा नियम आज तसा आहे. उद्या पाटीवर २१ लिहिलं आणि तपासलं नाही, तर फरक फक्त पाटीत पडेल. वय वाढवणं विधानसभेच्या हातात आहे, महापालिकेच्या नाही. पण परवाना महापालिका देऊ शकते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना लिहिलं होतं की तंबाखूवाल्यांना वेगळा परवाना द्या आणि त्यांच्याकडे गोळ्या-बिस्किटं विकू देऊ नका. माझी गोळी आठवा. मी पानपट्टीवर तिच्यासाठीच जात होतो.

आणि विडी वळणाऱ्या बायकांचं काय? अम्मीला मी हे विचारलं. मुलांनी नवी सवय लावली नाही तर मागणी एका रात्रीत आटत नाही, हळूहळू कमी होते. तेवढा वेळ दुसरं काम उभं करायला सरकारकडे मागायचा आहे. अम्मी म्हणाली, "माझी मजुरी दुसऱ्याच्या पोराच्या तोंडातून नको." पण दुसरं काम आधी दाखवा, असंही ती म्हणाली. दोन्ही वाक्यं निवेदनात लिहावीत अशी माझी विनंती आहे.

निवेदनावर सह्या करा, नगरसेवकाला भेटा. विधानसभेचं काम व्हायला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र आज घरी गेल्यावर होऊ शकते. पुडी लागतच असेल, तर स्वतः उठा आणि स्वतः आणा. पोराला पाठवू नका.